मॉक दाखवायचा कसा, बघायचा कसा

लेगोच्या ठोकळ्यांतून स्वतःच्या डोक्याने रचलेल्या वस्तूला हौशी मंडळी मॉक म्हणतात. ‘माय ओन क्रिएशन’ची ही आद्याक्षरं. सेटसोबत पुस्तिका येते, मॉकसोबत येत नाही. म्हणून जाणत्या माणसाला मॉक बघताच पहिला प्रश्न पडतो तो ‘हे जोडलं कसं?’ आणि नेमकं तेच बहुतेक फोटोंत दिसत नाही. समोरून काढलेला एक फोटो, खाली दोन शब्द. बघणारा ‘मस्त!’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यातून रचणाऱ्याला काही कळत नाही आणि बघणाऱ्याच्या पदरातही काही पडत नाही. दाखवणाऱ्याने जोड उघडा करून दाखवावा आणि बघणाऱ्याने जोडापर्यंत जाऊन बघावं, एवढ्यासाठी पुढचं सगळं आहे.

उदाहरणाला पेठेतला एक वाडा घेऊ. ३२ स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) रुंदीचा दर्शनी भाग, दगडी जोतं, मधोमध दिंडीचा मोठा दरवाजा, वरच्या मजल्यावर लाकडी खिडक्या आणि कौलारू छप्पर.

मापं पाठ हवीत

दोन स्टडमधलं अंतर ८ मिमी. ब्रिकची (जाड ठोकळ्याची) उंची ९.६ मिमी, प्लेटची (पातळ ठोकळ्याची) ३.२ मिमी. म्हणजे तीन प्लेट्सची एक ब्रिक. यापेक्षा कामाचं गणित असं की पाच प्लेट्सची उंची १६ मिमी, आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिमी. ठोकळा आडवा करून लावायचं सगळं तंत्र या एका बरोबरीवर उभं आहे. त्या तंत्राला स्नॉट म्हणतात, म्हणजे स्टड वरच्या बाजूला नसलेली रचना.

१९७८ पासून चालत आलेली मिनिफिगर, म्हणजे लेगोची छोटी माणूस-बाहुली, केस सोडून सुमारे ४ सेमी उंच आहे. तिला साधारण पावणेसहा फुटी माणूस मानलं तर प्रमाण १:४२ च्या आसपास येतं. ३२ स्टड म्हणजे २५.६ सेमी, म्हणजे खऱ्या वाड्याचे पावणेअकरा मीटर. हे प्रमाण मॉकसोबत लिहिलं की बघणाऱ्याला दरवाजा ठेंगणा का वाटतो किंवा मजला उंच का वाटतो हे मोजून सांगता येतं. नाहीतर सगळी चर्चा ‘मला जरा असं वाटलं’वर येऊन थांबते.

एक खिडकी, दहा नग

जोड दाखवणं म्हणजे काय ते एका खिडकीवरून बघू. दोन बंद झडपांची ही खिडकी प्रत्यक्षात सुमारे १.३४ मीटर उंच आणि ६७ सेमी रुंद भरते. लागणारे पार्ट, आधी लेगोचा पार्ट क्रमांक आणि शेवटी नग:

- ११२११, एका बाजूला दोन स्टड असलेली १×२ ब्रिक, भिंतीच्या रंगात: २
- ३०२३, १×२ प्लेट, भिंतीच्या रंगात: ४
- २४३१, १×४ टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट), रेडिश ब्राउन: २
- ३७१०, १×४ प्लेट, रेडिश ब्राउन: २

खालून वर रचा. आधी ३७१० ची उंबरपट्टी, तिच्या मधल्या दोन स्टडवर दोन ३०२३, त्यावर ११२११, पुन्हा दोन ३०२३, पुन्हा ११२११, आणि वरून दुसरी ३७१०. दोन तपकिरी प्लेट्सच्या मध्ये २+३+२+३ अशा दहा प्लेट्सची उंची झाली, म्हणजे ३२ मिमी, म्हणजे बरोबर चार स्टड. आता दोन्ही टाइल्स उभ्या धरून बाजूच्या स्टडवर दाबा. वरखाली फट न राहता त्या बसतात आणि भिंतीच्या ३.२ मिमी पुढे येतात. शेजारची भिंत तीन ब्रिक आणि एक प्लेट अशा उंचीची घ्या. वरची आणि खालची ३७१० दोन्हीकडे एकेक स्टड भिंतीत शिरते, त्यामुळे खिडकी सुटून येत नाही.

चुकतं कुठे? बहुतेक जण दोन ११२११ थेट एकावर एक लावतात. मग बाजूच्या स्टडांमधलं अंतर ९.६ मिमी होतं. टाइलला ८ किंवा १६ हवं असतं, म्हणून ती एका टोकाला बसते आणि दुसऱ्या टोकाला उचललेली राहते. जोर केला तर वाकते. दुसरी चूक क्रमाची: खाली ब्रिक आणि वर प्लेट्स असा उलटा क्रम घेतला तरी टाइल बसते, पण १.६ मिमी वर सरकते. उंबरपट्टीशी फट पडते आणि वरच्या पट्टीवर टाइल चढते. बाजूचा स्टड ब्रिकच्या उंचीच्या मध्यावर नसून किंचित वर असतो, हे त्यामागचं कारण.

एक ११२११ नसेल तर तिच्या जागी दोन ८७०८७ चालतात. ही एका बाजूला एक स्टड असलेली १×१ ब्रिक आहे. हेडलाइट ब्रिक, म्हणजे ४०७०, मात्र चालत नाही, आणि हे अनेकांना टाइल हातात घेतल्यावरच कळतं. तिचा बाजूचा स्टड १.६ मिमी आत खोलगट जागेत असतो आणि खाली तेवढ्याच जाडीची कड पुढे आलेली असते. उभी लांब टाइल त्या कडेला अडते. हेडलाइट ब्रिकवर एकच १×१ टाइल लावली तर ती भिंतीच्या फक्त १.६ मिमी पुढे येते. वाड्याच्या भिंतीतून डोकावणारी तुळईची टोकं दाखवायला याहून नेटका पार्ट नाही.

मॉकसोबत हे असं लिहायचं. प्रत्येक भिंतीचं नको. ज्या दोन-तीन जागी तुमचं डोकं लागलं, तेवढ्यांचंच.

दाखवण्याआधीची तपासणी

मॉक दोन्ही हातांनी खालून उचला, तिरका करा, टेबलावर हलकेच थाप मारून बघा. काही निखळलं तर ते फोटोआधी दुरुस्त करायचं. भिंत मधोमध उभी फाटत असेल तर कारण जवळपास नेहमी एकच असतं: सांध्यावर सांधा आलेला असतो. बांधकामात गवंडी वीट अर्धी सरकवून लावतो, तसंच इथे. दर तिसऱ्या-चौथ्या थरात एक लांब प्लेट फिरवली की भिंत एकजीव होते.

ताण पडलेले जोड शोधा. प्लेट दोन स्टडांच्या मधल्या फटीत उभी खोचणं हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. स्टडचा व्यास ४.८ मिमी, म्हणजे मधली फट ३.२ मिमी, आणि प्लेटची जाडीही ३.२ मिमी. कागदावर जमतं, पण श्वास घ्यायला जागाच उरत नाही, आणि महिनाभराने स्टडांवर पांढरट ओरखडे किंवा चीर दिसते. असे जोड हौशी मंडळींत ‘बेकायदा’ म्हणून ओळखले जातात. ते करू नयेत असं नाही, पण केले असतील तर सांगावं, म्हणजे दुसरा कुणी आपल्या महागड्या पार्टवर तो प्रयोग नकळत करणार नाही.

धूळ काढायला मेकअपचा मऊ ब्रश उत्तम. धुवायचंच असेल तर सुटे करून ४० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. स्टिकरचे आणि विजेचे पार्ट पाण्यात घालायचे नाहीत.

राखाडी रंगाकडे जरा जास्त लक्ष द्या. २००४ च्या सुमारास लेगोने दोन्ही राखाडी रंग बदलून त्यांत निळसर झाक आणली. जुना लॉट विकत घेतला की दोन्ही पिढ्यांचे ठोकळे एकत्र येतात. पिवळ्या बल्बखाली ते सारखे दिसतात, पण दिवसाच्या फोटोत वाड्याच्या जोत्यावर ठिगळं उठून दिसतात. निवड खिडकीपाशी, दिवसाउजेडी करा. जोत्याला झिजल्याचा भास हवा म्हणून मुद्दाम मिसळले असतील तर उत्तमच, पण मग ते विखरून मिसळा. एका कोपऱ्यात साचले की चूक वाटते.

फोटो

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी २२ बाय २८ इंची कार्डशीट घ्या, फिकट राखाडी. टेबलावर पसरून मागची कड भिंतीला वरपर्यंत चिकटवा. मध्ये घडी न पडता बाक आला पाहिजे. घडी पडली की मॉकच्या मागे रेघ दिसते. पांढऱ्या चुन्याच्या भिंती असलेल्या वाड्याला पांढरा कागद नको, कडा हरवतात.

प्रकाश खिडकीचा, पण थेट ऊन नको. ठोकळा चकचकीत असतो, त्यामुळे उघडा दिवा त्यावर पांढरा डाग बनून उमटतो. दिव्यापुढे बटर पेपर लावला की डाग पसरून मऊ होतो. खिडकीचा उजेड आणि घरातला पिवळा बल्ब एकत्र ठेवू नका. अर्धी भिंत निळी आणि अर्धी पिवळी दिसते, आणि नंतर कुठल्याही ॲपमध्ये ती सुधारत नाही. फ्लॅश बंद.

फोन असेल तर मीटर-सव्वा मीटर मागे सरका आणि २एक्स वापरा. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत खांब बाहेर झुकतात, आणि बघणारा तुमच्या बांधकामाला दोष देतो. फोन कशाला तरी टेकवा आणि टायमर लावा. कॅमेरा असेल तर एफ/८ ते एफ/११, म्हणजे पुढची पायरी आणि मागचं छप्पर दोन्ही स्पष्ट येतात. फिकट पार्श्वभूमीमुळे फोटो काळपट येत असेल तर एक्स्पोजर ०.७ ने वाढवा.

काळ्या मॉकचं दुखणं वेगळं. इंजिन, बुरुज, रात्रीचं दृश्य, काहीही असो, काळा ठोकळा काळ्या ठोकळ्यात विरघळतो. एक्स्पोजर वाढवून फक्त पार्श्वभूमी जळते. उपाय परावर्तनाचा: थर्मोकोलचा पांढरा तुकडा मॉकच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर धरा. प्रत्येक कडेवर पांढरी बारीक रेघ उमटते आणि आकार सुटा होतो.

फोटो सहा ते आठ पुरतात. कोपऱ्यातून एक, सरळ समोरून एक, मागून एक, वरून एक. मिनिफिगर दरवाजात उभी करून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक. आणि एक असा, ज्यात छप्पर किंवा भिंत उचलून आतला जोड दाखवलेला आहे. हा शेवटचा फोटो वगळू नका. त्याच्यासाठी शक्य असल्यास तोच जोड वेगवेगळ्या भडक रंगांत बाजूला जुळवा: ब्रिक निळी, प्लेट पिवळी, टाइल लाल. सगळं तपकिरी असलेल्या जोडाचा फोटो कितीही स्पष्ट आला तरी त्यात कुठला पार्ट कुठे संपतो ते कळत नाही.

सोबत लिहायचं काय

रुंदी, खोली, उंची स्टडमध्ये आणि सेंटिमीटरमध्ये. नगांची संख्या, अंदाजे असेल तर अंदाजे म्हणून. प्रमाण. खऱ्या इमारतीवरून केलं असेल तर कुठली इमारत आणि काय गाळलं. ज्या तंत्रासाठी दुसऱ्याचा मॉक बघितला त्याचं नाव आणि त्याच्याकडून नेमकं काय घेतलं. ‘अनेकांकडून प्रेरणा’ असं लिहिलं की कुणालाच श्रेय मिळत नाही.

तीन गोष्टी लपवू नका. पहिली, पार्ट कापला, रंगवला किंवा चिकटवला असेल तर तसं सांगा. दुसरी, इतर कंपन्यांचे ठोकळे मिसळले असतील तर तेही. त्यात कमीपणा काहीच नाही, मात्र पकड वेगळी असते. असे ठोकळे आतल्या भरावात वापरा, भार घेणाऱ्या जोडात नको. तिसरी, चित्र संगणकावरचं असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. संगणकात वजन नसतं. हवेत तरंगणारा सज्जा तिथे खुशाल उभा राहतो, आणि त्या पार्टचा तो रंग लेगोने कधी बनवलेलाच नसतो. ब्रिकलिंक या सुट्या पार्टांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर पार्टचा क्रमांक टाकला की तो कुठल्या रंगांत निघाला ते दिसतं; चित्र दाखवण्याआधी निदान दहा मुख्य पार्ट तसे पडताळून बघा.

यादी आणि कृती

मॉक दुसऱ्याला बांधता यावा असं वाटत असेल तर स्टुडिओ हे ब्रिकलिंकचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात मॉक जुळवला की पार्टांची यादी आपोआप निघते आणि पायऱ्यांची पानंही मांडता येतात. या सगळ्याच्या मुळाशी असलेली, संगणकावर लेगो रचायची एलड्रॉ पद्धत जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये सुरू केली. तिचं एकक ०.४ मिमीचं आहे: स्टडचं अंतर २० एककं, ब्रिक २४, प्लेट ८. वरच्या खिडकीचं गणित या एककांत केलं तर अपूर्णांकच येत नाहीत.

एका पायरीत तीन ते सहा पार्ट ठेवा. खिडकीसारखा पुन्हापुन्हा येणारा भाग वेगळा उपभाग म्हणून एकदाच दाखवा आणि ‘×६’ लिहा. मॉक फिरवावा लागणार असेल तर त्या पायरीवर फिरवण्याची खूण हवीच. कृती अडते ती बहुतेक इथेच. आत लपणाऱ्या प्लेट्सना भडक रंग द्या. दिसत तर नाहीतच, आणि बांधणाऱ्याला स्टड मोजणं सोपं जातं. पूर्ण झाल्यावर कृती दुसऱ्या माणसाकडून बांधून घ्या आणि तोंडातून शब्द न काढता शेजारी बसा. तो जिथे पान मागे उलटतो, ती पायरी तोडून दोन करा.

यादीत पर्यायाचा एक रकाना जरूर ठेवा. भारतात परदेशी विक्रेत्याकडून सुटे पार्ट मागवणं खर्चाचं काम आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. एका दुर्मीळ रंगातल्या चार टाइल्ससाठी नाशिकच्या किंवा नागपूरच्या कुणाचा पूर्ण वाडा अडू नये. ‘२४३१ ऐवजी दोन ३०६९बी चालतील, मध्ये बारीक रेघ दिसेल’ एवढी एक ओळ पुष्कळ असते. आणि तो बदल जमतो ना, हे आधी स्वतः बघा: आपल्या खिडकीत वरची छोटी टाइल एका स्टडवर बसते, खालचीही एकाच स्टडवर. म्हणजे टिकते, पण धक्का लागला की फिरते. हेही यादीतच लिहा.

टेबलावर एकत्र मांडणी

चार-पाच जणांनी मिळून पेठ उभी करायची तर मापांचा करार आधी लिहून काढा. एकक ३२×३२ ची बेसप्लेट, म्हणजे सगळ्याच्या खाली येणारा पातळ पाया. २००७ मध्ये कॅफे कॉर्नर या सेटने सुरू झालेल्या, शेजारी-शेजारी जोडता येणाऱ्या मॉड्युलर इमारतींमुळे हे माप सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. रस्त्याची पातळी ठरवा: बेसप्लेटवर एक ब्रिक आणि एक प्लेट हा सोयीचा करार. शेजारच्या कडेला, पहिल्या ब्रिकच्या थरात, ३७०० म्हणजे भोक असलेली १×२ टेक्निक ब्रिक दोन ठिकाणी, कडेपासून सगळ्यांनी सारख्याच स्टडवर. त्यांत २७८० पिन घातली की दोन घरं एकमेकांना धरतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कुणीतरी बेसप्लेटऐवजी चार ९१४०५, म्हणजे १६×१६ च्या प्लेट्स, जोडून आणतं. प्लेट ३.२ मिमी जाड आहे आणि बेसप्लेट तिच्या जवळपास निम्मी. रस्त्याला दीड मिमीची पायरी पडते आणि पिनची भोकं समोरासमोर येत नाहीत. बाकीच्यांच्या बेसप्लेटखाली त्या जाडीचा पुठ्ठा सरकवून वेळ मारून नेता येते, पण करारातच ‘खाली बेसप्लेटच’ असं लिहिणं बरं.

सहा बाय अडीच फुटी टेबलावर लांबीत सात बेसप्लेट्स बसतात, १७९ सेमी. खोलीत दोनच घ्या, ५१ सेमी. उरलेले २५ सेमी बघणाऱ्यांच्या बाजूला मोकळे सोडा. लहान मुलाचा हात तेवढ्यात थांबतो. मुलांसाठी सुट्या ठोकळ्यांचं एक ताट वेगळ्या टेबलावर ठेवा. हात लावायला काहीतरी मिळालं की ती वाड्याला हात लावत नाहीत.

वाहतुकीसाठी मॉक मजल्यामजल्याने सुटा होईल असा आधीच बांधा. मजल्याच्या वरच्या कडेला टाइल्स लावायच्या आणि मध्ये चार-सहाच स्टड ठेवायचे, म्हणजे वरचा मजला धरतोही आणि सुटतोही. बबलरॅप थेट गुंडाळू नका, झडपा आणि कठड्याचे पार्ट त्यात अडकून निघतात. आधी मऊ कापड, मग खोकं, मग चहूकडून भराव. उन्हात उभ्या बंद गाडीत खोकं ठेवलं तर बेसप्लेट वाकते आणि परत सरळ होत नाही. सोबत ठोकळे सोडवायचं नारिंगी हत्यार, चिमटा, ब्रश आणि प्रत्येक रंगाचे मूठभर सुटे पार्ट ठेवा.

मॉकपुढच्या चिठ्ठीवर नाव, रचणाऱ्याचं नाव, नग, आणि एक वाक्य: ‘खिडकीच्या झडपा आडव्या लावल्या आहेत, विचारा कशा.’ या एका वाक्याने लोक बोलू लागतात.

बघणाऱ्याचं काम

दिवाळीतले किल्ले बघायला निघालेला माणूस बुरुजापाशी उकिडवा बसतो, मावळ्याच्या नजरेतून दरवाजा बघतो. मॉक तसाच बघायचा. आधी दुरून, फक्त आकार. मग रंग: किती रंग आहेत आणि डोळा पहिला कुठे जातो. मग वाकून, मिनिफिगरच्या उंचीवरून. मग मागे जाऊन. शेवटी जोड: कुठे स्टड दिसतात, कुठे मुद्दाम झाकलेत, आणि एखादा पार्ट त्याच्या मूळ कामापेक्षा वेगळ्याच कामाला लावलाय का. जाळीदार टाइल २४१२बी ही गाड्यांसाठी वापरली जाते. ती वाड्याच्या झरोक्याची जाळी झालेली दिसली तर ती नजर रचणाऱ्याची आहे, तिला दाद द्या.

दाद म्हणजे जागा आणि पार्ट यांचं नाव घेणं. ‘खूप सुंदर’ पेक्षा ‘तुळईची टोकं हेडलाइट ब्रिकवर घेतल्यामुळे ती जेमतेम बाहेर येतात, म्हणून भिंत जाड वाटते’ हे वाक्य रचणाऱ्याला वर्षभर पुरतं. तंत्र ओळखता आलं नाही तर विचारा: ‘हा कोपरा कसा वळवलात?’ प्रामाणिक प्रश्न हीसुद्धा मोठी दादच आहे. नगांच्या संख्येवरून मॉक मोजू नका. सहा स्टडच्या तुळशीवृंदावनात दोन हजार नगांच्या वाड्यापेक्षा जास्त विचार असू शकतो.

उणीव सांगायची तर आधी विचारा, ‘एक सुचवू का?’ हो म्हटलं तर एकच सांगा, कारणासकट आणि उपायासकट. ‘छप्पर बरोबर नाही’ हे काहीच सांगत नाही. ‘३०४० चा उतार ४५ अंशांचा आहे, कौलांचं छप्पर त्याहून पसरट असतं, ३२९८ चा ३३ अंशांचा उतार घेतला तर वाडा बसका दिसेल, फक्त खोलीत जागा जास्त लागेल आणि आढ्याची रचना नव्याने करावी लागेल’ हे सांगितलंत तर समोरचा त्याच रात्री करून बघतो. नवख्या माणसाला आधी टिकाऊपणाबद्दल सांगा, सौंदर्याबद्दल नंतर. मॉक उचलायचा झाला तर परवानगी घेऊन, बेसप्लेटखाली दोन्ही तळहात घालून. छप्पर धरून कधीच नाही.

कुणाचं काय

तंत्र सगळ्यांचं, मॉक रचणाऱ्याचा. पाच प्लेट्स आणि दोन स्टडचं गणित कुणाच्या मालकीचं नाही, ते खुशाल वापरा. पण दुसऱ्याचा संपूर्ण वाडा फोटोवरून उतरवून आपला म्हणून मांडणं, त्याची कृती विकणं, फोटोतलं नाव कापून पुढे पाठवणं ही चोरीच आहे, आणि हौशी वर्तुळात एकदा गेलेलं नाव परत येत नाही. कृती विकत घेऊन बांधलं असेल तर तसं लिहा. बांधण्याचंही कौतुक होतं. रीब्रिकेबल या मॉकच्या संकेतस्थळावर मॉक ठेवताना दुसऱ्याच्या मॉकवर बदल केले असतील तर मूळ मॉकचा उल्लेख यादीआधी यायला हवा.

स्वतःची कल्पना खऱ्या सेटपर्यंत न्यायची इच्छा असेल तर लेगो आयडियाजचा रस्ता आहे. तिथे १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी प्रस्ताव तपासायला घेते. निवड झाली तर रचणाऱ्याला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो. तिथेही कोपऱ्यातून घेतलेला स्वच्छ फोटो आणि थोडक्यात लिहिलेली ओळखच आधी वाचली जाते.

मोडताना

प्रदर्शन संपलं की मॉक बहुधा मोडावा लागतो, पार्ट पुढच्याला हवे असतात. घाई करू नका. वरून एकेक थर काढा आणि प्रत्येक थराचा वरून एक फोटो घ्या. तीस-चाळीस फोटोंत पूर्ण वाडा नोंदला जातो, आणि कृती करायची राहिली असेल तर ती या फोटोंवरून उलट्या क्रमाने करता येते. उसने घेतलेले पार्ट त्या-त्या माणसाच्या पिशवीत, मोजून. रेडिश ब्राउन, डार्क ब्राउन आणि डार्क रेड या रंगांचे जुने पार्ट ठिसूळ झालेले असू शकतात. क्लिप आणि पातळ प्लेट्स आधी मोडतात. त्यांना पिळून काढू नका, हत्याराने एका बाजूने सावकाश उचला. चीर दिसली तर तो पार्ट वेगळ्या डबीत टाका, म्हणजे तो पुढच्या मॉकच्या भार घेणाऱ्या जागी चुकूनही जाणार नाही.